बघायचं असेल तर मोजा

पोकर शिकव म्हणून जो कोणी मागे लागतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कशावर काय चढतं? म्हणजे फ्लश मोठा की स्ट्रेट मोठा, दोन जोड्यांवर तीन सारखी पानं जातात का वगैरे. मी एका कागदावर उतरंड लिहून देतो आणि सांगतो की हा समोर ठेव, पाठ करत बसू नकोस, थोडे डाव खेळलास की आपोआप डोक्यात बसेल. कारण गंमत अशी आहे की पोकरमधले बरेचसे डाव कोणीही पानं न दाखवता संपतात. एकाने चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) पुढे सरकवल्या, बाकीच्यांनी थोडं तोंड वाकडं करून पानं टाकली, पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स, त्याचा. त्याच्याकडे खरंच काय होतं ते त्याचं त्यालाच माहीत.

त्यामुळे मला विचाराल तर शिकवायला सुरुवात पानांपासून करूच नये, ब्लाइंड्सपासून करावी.

आता थोडी मांडणी. सगळीकडे सगळ्यात जास्त खेळला जातो तो प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. ५२ पानांचा कॅट, जोकर बाजूला. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात, ती फक्त त्याने बघायची. नंतर टेबलाच्या मधोमध एकूण पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची सामायिक. तुमची दोन आणि मधली पाच अशा सातांतून सगळ्यात चांगली पाच पानं म्हणजे तुमचा हात. पानं कोण वाटतंय असं मानायचं ते दाखवायला एक गोल चकती असते, तिला बटन म्हणतात, आणि ती दर डावाला घड्याळाच्या दिशेने एकेक जागा पुढे सरकते. बटनच्या डावीकडच्याने पानं बघायच्या आधीच थोड्या चिप्स टाकायच्या, तो स्मॉल ब्लाइंड, आणि त्याच्या डावीकडच्याने साधारण त्याच्या दुप्पट, तो बिग ब्लाइंड.

इथे नवा माणूस हमखास अडतो. पानंच बघितली नाहीत तर पैसे कशाला टाकू? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तरात अख्खा खेळ आहे. समजा ब्लाइंड नाहीतच. दोन एक्के हातात येणं ही सगळ्यात भारी सुरुवात, ती सरासरीने २२१ डावांत एकदा येते. कुठलीही जोडी म्हटली तरी १७ डावांत एकदा. वाट बघायला काहीच लागत नसेल तर शहाणा माणूस काय करेल, एक्के येईपर्यंत गप्प बसेल, आणि टेबलावर सगळेच शहाणे असतील तर सगळेच गप्प बसतील, पॉटमध्ये जिंकण्यासारखं काही नसेल आणि खेळ तिथेच मेला. ब्लाइंडमुळे दर फेरीला तुमच्या ढिगातून थोडं थोडं झिजतं. बसून राहण्यालाही भाव लागला की मग माणसं मध्यम पानांवर उतरायला लागतात, दुसऱ्याचे ब्लाइंड उचलायला बघतात, खोटं बोलायला लागतात, आणि तिथून पुढे पोकर.

बोली लावायची पद्धत सोपी आहे. दोन-दोन पानं वाटून झाली की बिग ब्लाइंडच्या डावीकडचा पहिला बोलतो. त्याच्यापुढे तीन रस्ते. पानं टाकून द्यायची म्हणजे फोल्ड, बिग ब्लाइंडएवढं टाकून राहायचं म्हणजे कॉल, किंवा वाढवायचं म्हणजे रेझ. आधी कोणीच काही लावलेलं नसेल (हे पुढच्या फेऱ्यांमध्ये होतं) तर फुकटात पुढे जाता येतं, तो चेक, आणि पहिल्यांदा लावणं म्हणजे बेट. उरलेल्या सगळ्यांचे आकडे सारखे झाले की फेरी संपली. पहिल्या फेरीत कोणीच वाढवलं नाही तरी बिग ब्लाइंडवाल्याला शेवटी वाढवायची संधी असते, कारण त्याचे पैसे आंधळेपणाने गेलेले असतात. हे नवखे विसरतात आणि घाईघाईने पुढची पानं उघडतात, मग टेबलावर आरडाओरडा.

नंतर मध्ये तीन पानं एकदम उघडतात, तो फ्लॉप. परत बोली. मग एक, तो टर्न, परत बोली. मग शेवटचं एक, रिव्हर, आणि शेवटची बोली. दर वेळी उघडायच्या आधी वरचं एक पान न बघता बाजूला टाकतात, कारण कॅटच्या वरच्या पानाची पाठ सगळ्यांना सारखी दिसत असते, त्यावर कोणी खूण केली असेल तर त्याचा फायदा मिळू नये. फ्लॉपनंतर मात्र बोलायचा क्रम बदलतो, बटनच्या डावीकडे जो पहिला जिवंत असेल तो सुरू करतो आणि बटनवाला सगळ्यात शेवटी बोलतो.

हे शेवटी बोलणं म्हणजे काय चीज आहे ते लोकांना फार उशिरा कळतं! बाकी सगळ्यांनी आपापलं म्हणणं मांडल्यावर तुम्ही ठरवणार. कोण घाबरलंय, कोण फुगलंय, कोणी फुकटात पुढे जायला बघतंय, सगळं समोर. म्हणून तीच दोन पानं पहिल्या जागेवर टाकण्यासारखी असतात आणि बटनवर खेळण्यासारखी. सुरुवातीची पानं कुठली खेळायची याचे जे तक्ते फिरत असतात ना, त्यात जागा लिहिलेली नसेल तर तो तक्ता सरळ बाजूला ठेवा.

बरं, आता तो कागद. वरून खाली, रॉयल फ्लश म्हणजे एकाच रंगाचे एक्का राजा राणी गुलाम दश्शी, मग स्ट्रेट फ्लश, मग चार सारखी, फुल हाऊस म्हणजे तीन सारखी अधिक एक जोडी, फ्लश म्हणजे पाचही पानं एका रंगाची, स्ट्रेट म्हणजे लागोपाठची पाच, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर सगळ्यात मोठं पान. यामागचं तत्त्व एकच, जे दुर्मिळ ते वर. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. त्यात फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००, म्हणून फ्लश वर. फुल हाऊस ३,७४४, चार सारखी फक्त ६२४, आणि रॉयल फ्लश चार. उलट एका जोडीचे हात जवळजवळ ११ लाख आहेत आणि काहीच न जमलेले तेरा लाखांच्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा पाच पानं म्हणजे नुसती पाच पानं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला हा खेळ जेव्हा खेळला जायचा तेव्हा तर २० पानंच वापरायचे, चौघांना पाच-पाच, आणि त्यात स्ट्रेटही नव्हता आणि फ्लशही नव्हता. ५२ पानं आल्यावर ही उतरंड वाढली.

घोळ होतो तो बारीक जागी. इस्पिक बदामापेक्षा मोठं वगैरे इथे काही नाही, चारही रंग सारखे, दोघांचे हात हुबेहूब निघाले तर पॉट अर्धा-अर्धा. एक्का वरही चालतो आणि खालीही, म्हणजे एक्का दुरी तिरी चव्वी पंजी हा स्ट्रेट आहे, पण राणी राजा एक्का दुरी तिरी असं वळसा घालून नाही चालत. तीन जोड्या असं काही नसतं, पाचच पानं मोजायची, तिसरी जोडी गेली. आणि किकर, म्हणजे जोडीबरोबरचं सुटं पान. तुमच्याकडे एक्का नव्वी, समोरच्याकडे एक्का राजा, मध्ये एक्का पडला. दोघांची एक्क्याची जोडी, पण पुढच्या पानाला त्याचा राजा आहे, तो जिंकला. नवीन माणसाच्या चिप्स सगळ्यात जास्त कुठे जात असतील तर इथे, हातात एक्का दिसला की त्याला दुसरं पान दिसतच नाही.

एक डाव सावकाश बघू. सहा जण, ब्लाइंड ५ आणि १०. तुम्ही बटनवर, हातात बदाम एक्का आणि बदाम अठ्ठी. पहिल्याने टाकली, दुसऱ्याने ३० केले, तिसऱ्याने टाकली, तुम्ही ३० देऊन आलात, स्मॉल ब्लाइंडने टाकली, बिग ब्लाइंडने वरचे २० घातले. पॉट झाला ९५. फ्लॉप पडला बदाम राजा, बदाम पंजी, किलवर दुरी. तुमच्याकडे चार बदाम झाले, एक हवाय. बिग ब्लाइंड चेक करतो, वाढवणारा ५० लावतो. आता पॉट १४५ आणि तुम्हाला बघायला ५० लागणार.

इथे "येईल का बदाम" असा विचार करणारा माणूस वेगळा आणि "किती वेळा येईल आणि मला काय भावाने मिळतंय" असा विचार करणारा वेगळा. भाव असा, ५० टाकून एकूण १९५ चा पॉट होणार, म्हणजे साधारण चारातून एकदा जिंकलो तरी बरोबरी. बदाम तेरा, चार दिसतायत, उरले नऊ. न दिसलेली पानं ४७. पुढच्याच पानाला बदाम यायची शक्यता १९ टक्के, आणि दोन्ही पानं बघायला मिळाली तर ३५ टक्के. तोंडी हिशोबाला लोक ढोबळ युक्ती वापरतात, हवी असलेली पानं गुणिले दोन एका पानासाठी, गुणिले चार दोन पानांसाठी, नऊ चोक छत्तीस, जवळ आहेच की. आता चारातून एक म्हणजे २५ टक्के, एका पानाचं बघितलं तर भाव थोडा महाग, दोन पानांचं बघितलं तर स्वस्त, पण दुसरं पान फुकट मिळेलच असं नाही, तो परत लावू शकतो. दुसरीकडे बदाम आलाच तर तुमचा फ्लश एक्क्याचा, त्याहून मोठा फ्लश कोणाचा नाही, आणि तेव्हा त्याच्याकडून अजून चिप्स निघतील. कॉल. बिग ब्लाइंडने टाकली.

पॉट १९५. टर्नला इस्पिक सत्ती, तुमच्या काही कामाची नाही. तो १०० लावतो. १०० देऊन ३९५ चा पॉट, परत तोच भाव, चारातून एक. पण आता एकच पान उरलंय, ४६ पैकी ९, साडेएकोणीस टक्के. नुसत्या बदामांवर हा कॉल बसत नाही. मग माणूस पुढचा विचार करतो, की त्याच्याकडे राजा राणी असेल तर माझा एक्का पडला तरी मी जिंकतो, उरलेले तीन एक्के धरले तर ४६ पैकी १२, २६ टक्के, बसला हिशोब. पण त्याच्याकडे एक्का राजा असेल तर? मग एक्का पडून त्याच्याच दोन जोड्या होणार आणि मी अजून चिप्स घालून बसणार. म्हणजे हा कॉल बरोबर की चूक हे माझ्या पानांवर नाही, तर त्याच्या हातात काय काय असू शकतं आणि त्यातलं किती कितपत शक्य आहे यावर ठरतं. मला पोकर आवडायचं कारण विचाराल तर हीच जागा. गणित सगळं स्वच्छ, सातवीतल्या मुलाला जमेल असं, आणि तरी उत्तर समोरच्या माणसात अडकलेलं.

धरा तुम्ही कॉल केला. पॉट ३९५. रिव्हरला किलवर दश्शी. काही नाही जमलं. तो चेक करतो. पानं उघडली तर तुमचा नुसता एक्का, कुठल्याही जोडीला हरणार. पण तो चेक करतोय म्हणजे त्यालाही काहीतरी खुपतंय. तुम्ही २०० लावले तर? २०० घालून ३९५ मिळवायचे, म्हणजे तीन वेळा केलं आणि एकदा जरी त्याने टाकली तरी जवळजवळ फिटलं. ब्लफलाही असा भाव असतो, ती काही नुसती छातीठोक थाप नसते. आणि थाप पटायला हवी. तुम्ही फ्लॉपला नुसतं आलात, टर्नला नुसतं आलात आणि शेवटी एकदम जोरात, तर समोरचा मनात तुमची गोष्ट मागे जाऊन तपासतो, की याच्याकडे दोन जोड्या किंवा तीन सारखी असती तर याने आधीच वाढवलं नसतं का? बदाम तर आलेच नाहीत, मग हा कशावर नाचतोय? गोष्टीत भोक सापडलं की तो बघणार.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये शेवटी दोघं उरले होते, ख्रिस मनीमेकर, जो हौशी खेळाडू, नोकरी करणारा अकाउंटंट, ऑनलाइन स्पर्धा जिंकून तिथवर आलेला, आणि समोर सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक. मध्ये इस्पिक नव्वी, चौकट दुरी, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी, आणि शेवटी बदाम तिरी. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फ्लशही हुकला, स्ट्रेटही हुकला, हातात नुसता राजा. फारहाकडे नव्वीची जोडी, म्हणजे तो पुढे. मनीमेकरने सगळ्या चिप्स आत ढकलल्या. फारहाने विचार केला, केला आणि टाकली. मनीमेकर ती स्पर्धा जिंकला, २५ लाख डॉलर, आणि त्यानंतर घरबसल्या पोकर खेळणाऱ्यांची जी लाट आली ती सगळ्यांना माहीत आहे. त्या डावात मला ब्लफपेक्षा फारहाचा फोल्ड जास्त शिकवून जातो. एका जोडीवर सगळा ढीग घालवायला तो तयार नव्हता, आणि तिथे बसलेल्या कित्येकांनी तेच केलं असतं. आपल्याला पानं दिसली म्हणून आपण हसतो.

ब्लफ कधी करायचा यावर जॉन फॉन नॉयमन नावाच्या गणितज्ञाने आधीच डोकं लावलेलं आहे. १९२८ मध्ये त्याचा खेळांच्या गणितावरचा निबंध आला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात त्याने पोकरचं एक सोपं रूप घेऊन सोडवलं. निष्कर्ष मजेशीर आहे, ब्लफ करायचा तर अगदी रद्दी हाताने करा, मधल्याने नको. कारण मधला हात उघडला तर कधीतरी जिंकतो, त्याला चेक करून शांतपणे न्यावा, रद्दी हात उघडून जिंकूच शकत नाही, मग त्याचा तेवढा तरी उपयोग. आणि ब्लफ अजिबात न करणाऱ्याचं नुकसान वेगळंच होतं, त्याने लावलं की सगळे पळतात, भारी पानांवर त्याला कोणी काही देत नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलनच्या लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना एकास-एक खेळात १,२०,००० डावांत हरवलं, त्याला चेहरे वाचता येत नव्हते, डोळ्यांच्या पापण्या दिसत नव्हत्या. काळे गॉगल घालून बसणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा :)

थोडं टेबलावरच्या शिस्तीबद्दल, कारण भांडणं इथेच होतात. डाव सुरू झाल्यावर जेवढ्या चिप्स तुमच्यासमोर आहेत तेवढ्यावरच खेळायचं, खिशातून नवीन काढता येत नाहीत, आणि म्हणूनच कोणी श्रीमंत माणूस नुसता आकडा फुगवून तुम्हाला डावाबाहेर काढू शकत नाही. कमी पडल्या तर आहेत तेवढ्या आत ढकलायच्या, ऑल-इन. समजा एकाकडे ४० आणि दोघांकडे १००-१००, तिघेही सगळं आत. मुख्य पॉट १२०, त्यावर तिघांचा हक्क, वरचे १२० फक्त दोघांतले. ४० वाला सगळ्यात भारी निघाला तरी त्याला १२० च मिळणार. आणि "तुझे पन्नास... आणि वर अजून पन्नास" असं सिनेमातल्यासारखं दोन दमात लावायचं नाही, पहिलं ऐकून समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग वाढवायचं हा चोरटेपणा आहे, एकदाच काय ते बोला.

पैसे लावायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि जिथे कायद्याने नाही तिथे नाहीच. माझं म्हणणं एवढंच की शिकायला पैसे लागत नाहीत पण चिप्स मात्र संपायला हव्यात. संपल्या की परत घे, असा नियम ठेवला की पाचव्या मिनिटाला सगळे दुरी-सत्तीवर ऑल-इन करायला लागतात, कोणी फोल्ड करत नाही, ब्लफ कोणावर चालत नाही, आणि मग लोक म्हणतात पोकर म्हणजे नुसतं नशीब. सगळ्यांना सारख्या चिप्स द्या, संपल्या तो बाहेर, ब्लाइंड हळूहळू वाढवत न्या. तीच माणसं, तीच पानं, पण आता प्रत्येक जण कॉल करायच्या आधी ढिगाकडे एकदा बघतो.

आणि आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, पानं टाकली की लगेच विचारतो, काय होतं रे तुझ्याकडे, सांग ना, आता तर डाव संपला. मी नाही सांगत. राग येतो त्याला, म्हणतो एवढं काय, खेळच आहे. पण नियमच तसा आहे, शेवटच्या बेटला कोणी कॉल केला नाही तर जिंकणाऱ्याला पानं दाखवावी लागत नाहीत, पालथी सरकवायची आणि पॉट ओढायचा. मी दाखवली की मी कशा पानांवर किती लावतो हे त्याला कळणार आणि पुढच्या वेळी तो ते माझ्यावरच वापरणार, कशाला देऊ फुकट? गेल्या वेळी फारच मागे लागला तेव्हा त्याला म्हटलं, १२० होते बघायला, तेव्हा टाकायचे होतेस. तर म्हणतो, बरं निदान एक पान तरी दाखव.